सईस, टाकी भरण्याआधी

निशी-कासाई, टोकियो

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

समुद्री माशांसाठी घेतलेल्या तुझ्या टाकीचे फोटो पाहिले. काच जाड आहे, जोड स्वच्छ आहेत, स्टँडही भक्कम दिसतो. सव्वाशे लिटर पाणी, वाळू आणि दगड धरले तर वजन दीडशे किलोच्या पुढे जाईल, तेव्हा घरमालकांच्या कानावर आत्ताच घालून ठेव आणि टाकी भिंतीला लागून ठेव. "आता पहिला मासा कुठला घेऊ?" असं तू विचारलं आहेस. इतक्यात कुठलाच घेऊ नकोस. निदान दीड महिना तरी नाही.

दुसरा प्रश्न तू हसत हसत टाकलास, पण मला तोच जास्त लागला. "बाबा, तू सकाळी दुकानातल्या माशांचे फोटो पाठवतोस आणि दुपारी त्यांच्याच चुलतभावंडांचे, ताटातले. तुला काही वाटत नाही का?" वाटतं. काय वाटतं ते फोनवर सांगायला लागलो की तुझी आई जेवायला हाक मारते, म्हणून लिहूनच काढतो. इथे आल्यापासून सुट्टी मिळाली की मी एक तर माशांच्या दुकानात असतो नाही तर मासळी बाजारात. तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला या भटकंतीतच मिळाली आहेत.

खाऱ्या पाण्यातल्या माशांची इथली बरीच दुकानं रस्त्यावरून ओळखू येत नाहीत. एखादं तळघरात असतं, एखादं जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना ओल्या मिठाचा वास आला की पत्ता बरोबर आहे असं समजायचं. आत दिवे मंद, पंपांची घरघर, आणि गिऱ्हाइकं इतकी शांत की आपणही आपोआप हळू बोलायला लागतो. भांडखोर मासे वेगवेगळ्या, भोकं पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या डब्यांत ठेवलेले असतात आणि ते डबे एकाच मोठ्या टाकीत ओळीने बसवलेले. पाणी सगळ्यांना एकच, मारामारी मात्र नाही. डब्यावर चिठ्ठी असते: मासा कुठल्या समुद्रातला, किती सेंटीमीटर, आणि खायला लागला आहे की नाही. ही शेवटची ओळ वाचायला शीक. खायला लागलेल्या माशाला लोक दोन पैसे जास्त मोजतात आणि कुरकुर करत नाहीत, कारण दुकानदाराने तेवढे दिवस त्याच्यावर घालवलेले असतात.

अशाच एका दुकानात युझेन नावाचा बटरफ्लाय मासा पाहिला. काळपट अंग, प्रत्येक खवल्याला फिकट कडा, त्यामुळे सबंध अंगावर जाळी विणल्यासारखी दिसते, आणि मागच्या परांना पिवळी किनार. किमोनोवरच्या युझेन रंगकामावरून त्याला हे नाव पडलं. हाचिजो आणि ओगासावारा बेटांच्या आसपास तो मिळतो. ओगासावारा टोकियोच्या दक्षिणेला हजारेक किलोमीटरवर आहे, तिथे विमानतळ नाही, बोटीला चोवीस तास लागतात, पण कारभार टोकियोचा. त्यामुळे चिठ्ठीवर गाव म्हणून ऐटीत "टोकियो" लिहिलेलं होतं. किंमत लिहीत नाही, हे पत्र तुझी आईही वाचणार आहे.

मी तो खातो का ते दाखवायला सांगितलं. दुकानदाराने फ्रीजमधून सुपरमार्केटचं पाकीट काढलं. त्यात आसारी होत्या, आपल्या तिसऱ्यांसारख्याच शिंपल्या. एक सुरीने उघडली, अर्धी शिंपली मांसासकट डब्यात सोडली. युझेन आधी मागे सरकला, मग तिरका होऊन एका डोळ्याने बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्या चिमट्यासारख्या तोंडाने कडेकडेने एकेक तुकडा तोडायला लागला. समुद्रातून आलेला बटरफ्लाय कोरडे दाणे म्हणजे अन्न असं समजतच नाही, शिंपली मात्र तो जाणतो. म्हणून आधी ताजी शिंपली द्यायची, मग रिकाम्या शिंपलीत दाबून बसवलेलं मिश्रण, आणि ते पचलं की नुसते दाणे. महाग परदेशी औषधांनी जे होत नाही ते बाजारातल्या मूठभर तिसऱ्या करतात. पुण्यातही करतील.

त्याच दुकानातून मी माझा गोबी नावाचा छोटा मासा आणला, तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा याशा. तुला व्हिडिओ पाठवले होते. त्याच्याबरोबर बिळात एक टिचकी मारणारी कोळंबी राहते. ती दिवसभर वाळू उपसते आणि तिला दिसतं जेमतेम, म्हणून बाहेर आली की एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. गोबीने शेपूट थरथरवली की ती आत पळते. साठ सेंटीमीटरच्या टाकीत एवढं नाटक पुरतं. गोबी हा इथे थेट राजवाड्यातला विषय आहे, हे तुला माहीत होतं का? निवृत्त सम्राट अकिहितो आयुष्यभर गोबींवर संशोधन करत आले आहेत, आणि २०२१ मध्ये, म्हणजे गादी सोडल्यावर दोन वर्षांनी, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन नव्या जाती जाहीर केल्या.

आता बाजार. त्सुकिजीचा घाऊक बाजार १९३५ पासून होता, तो ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला. तोयोसू मला फारसा आवडत नाही. सगळं चकचकीत, थंड, आणि आपण काचेच्या पलीकडे वरच्या सज्जात. मासळी बाजारात वास नाही आणि पायाखाली पाणी नाही म्हटल्यावर अर्धी मजा गेली. त्सुकिजीच्या बाहेरच्या गल्ल्या अजून आहेत, पर्यटकांनी तुडुंब असल्या तरी जीव तिथेच रमतो. पण ट्यूनाचा लिलाव बघायला तोयोसूलाच जावं लागतं, पहाटे साडेपाचच्या सुमाराला. २०१९ च्या नववर्षाच्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, ती बातमी आपल्याकडेही आली होती. ती हॉटेलवाल्याची जाहिरात, रोजच्या धंद्याशी तिचा संबंध नाही.

बघण्यासारखं असतं ते लिलावाच्या आधी. मासे जमिनीवर ओळीने मांडलेले, प्रत्येकाची शेपूट कापून ठेवलेली. खरेदीदार हातात बॅटरी आणि लोखंडी हूक घेऊन फिरतात, कापलेल्या जागी प्रकाश टाकतात, मांसाची चिमूट काढून दोन बोटांत चोळतात, चरबी किती सुटते बघतात, आणि तोंडावरची रेष न हलवता पुढे जातात. आजी अलिबागच्या बाजारात पापलेटचा कल्ला उचलून, पोटाला अंगठा लावून "कालचा आहे गं" म्हणते आणि कोळीण खवळते, तोच प्रकार, फक्त इथे कोणी खवळत नाही.

हे लोक शेपटीत शोधतात काय? मासा मेला कसा, ते. ट्यूना गळाला लागून तासन्‌तास झुंजला तर अंग तापतं, मांसात आम्ल साठतं आणि ते फिकट, पाणचट पडतं. म्हणून इकेजिमे करतात. मासा वर आला की क्षणात मेंदूत खिळा, मग कल्ल्याजवळ आणि शेपटीजवळ छेद देऊन रक्त काढायचं, मग मणक्याच्या नळीतून तार घालायची, म्हणजे मज्जारज्जू निकामी होऊन स्नायूंची थरथर थांबते. त्यानंतर बर्फाचं पाणी. मी एका छोट्या बंदरावर हे अगदी हातभर अंतरावरून पाहिलं. तार आत गेली तसं माशाचं सगळं अंग एकदा ताठ झालं, परांच्या कडा रंग बदलून उजळल्या, आणि तो निपचित पडला. कोळ्याने दुसरा मासा घेतला. मला ते क्रूर वाटलं नाही. आपल्याकडे टोपलीत तडफडून मरणाऱ्या बांगड्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्या मानाने हे बरं.

तुझ्या टाकीशी याचा संबंध सरळ आहे. जिवंत माशाचं दुखणंही बहुधा पकडतानाच सुरू होतं. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून प्रवाळाच्या फटींत सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची पद्धत पडली, पुढे ती इंडोनेशियातही गेली. असा मासा दुकानात छान रंगीत दिसतो, कधी खातोही, आणि काही आठवड्यांत कारण न दाखवता मरतो. मग आपण पाणी तपासत बसतो. तोयोसूच्या माणसाला निदान शेपूट कापून बघता येते, आपल्याला ती सोय नाही. आपण विचारायचं. कुठून आला, जाळ्याने धरला का, दुकानात किती दिवस आहे, काय खातो. या चारांपैकी दोन प्रश्नांवर दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला तर "पुढच्या आठवड्यात येते" म्हणून निघायचं. पुढच्या आठवड्यात खरंच जा. मासा तेव्हाही तिथे असेल आणि खात असेल, तर घे.

बाजारांपैकी सगळे सांगत बसत नाही. क्योतोच्या निशिकी बाजारात हामो पाहिला, म्हणजे आपल्या वामच्या भावकीतला. त्याच्या काट्यांना कंटाळून हे लोक तो फेकून देत नाहीत, कातडी शाबूत ठेवून कागदाएवढ्या पातळ अंतरावर सुरी चालवतात आणि काट्यांचा चुराच करून टाकतात. क्योतोजवळ समुद्र नाही, पण हामो पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो, म्हणून जुन्या काळी तिथवर जिवंत पोचायचा. शिमोनोसेकीत फुगू या विषारी माशाचा लिलाव अजूनही पिशवीत होतो. लिलाव करणारा हातात कापडी नळी घालतो, खरेदीदार त्यात हात घालून बोटं दाबतो आणि भाव ठरतो. वाशीच्या बाजारात हापूसच्या पेटीचा भाव रुमालाखाली ठरताना मी तुझ्या आजोबांबरोबर पाहिला आहे, त्यामुळे मला परकं असं काहीच वाटलं नाही.

नुमाझू बंदराबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. ते ज्याच्या काठी आहे तो सुरुगा उपसागर जपानमधला सगळ्यात खोल, सुमारे २,५०० मीटर, आणि खोल पाणी किनाऱ्याच्या अगदी जवळ. त्यामुळे खोल समुद्रात जाळं ओढणाऱ्या होड्या सकाळी निघून त्याच दिवशी परत येतात. हंगाम सप्टेंबर ते मे. बंदरावर हिरव्या चमकत्या डोळ्यांचे मेहिकारी मासे तळून देतात, लांबच लांब पायांचे खेकडे काचेमागे हळूहळू हलत असतात, आणि त्याच बंदरावर २०११ मध्ये उघडलेलं खोल समुद्रातल्या प्राण्यांचं मत्स्यालय आहे. त्यात गोठवलेले सीलाकँथही आहेत. शाळेत तू त्या माशावर निबंध लिहिला होतास, म्हणून तुझ्यासाठी त्यांच्यापुढे जरा जास्त वेळ उभा राहिलो.

तिथे मला मात्सुकासा-उओ दिसला, पाइनच्या फळासारखा मासा. मुठीत मावेल एवढा, पिवळा, प्रत्येक खवल्याला काळी कड, आणि खवले कसले, चिलखतच. खालच्या जबड्याला दोन्ही बाजूंना छोटे ठिपके असतात, त्यांत प्रकाश देणारे जिवाणू राहतात. अंधाऱ्या टाकीपाशी डोळे सरावले की ते दोन हिरवट कण दिसतात, हलतात, वळतात, आणि मग कळतं की त्यांच्या मागे मासा आहे. मी हे बघून बाहेर आलो आणि चार पावलांवरच्या खानावळीत तोच मासा भाजून देतात असं समजलं. चिलखतासकट भाजायचा आणि मग फोडायचा.

तुझा प्रश्न मला तिथे आठवला. एकच होडी, एकच जाळं. जाळं वर येतं तेव्हा त्यातला कोण कुठे जाणार हे डेकवर काही मिनिटांत ठरतं. ज्याच्या अंगावर ओरखडा नाही तो थंड पाण्याच्या पिंपात जातो. पोटातली हवेची पिशवी फुगली असेल तर सुईने हवा काढतात, अंधार करतात, पाणी गार ठेवतात. बाकीचे बर्फात. ज्या कोळ्याच्या हाताखालून चांगली मासळी ताटात जाते त्याच्याच हाताखालून चांगला मासा टाकीत जातो, कारण दोन्हीकडे कसब एकच: कमी दाबायचं, लवकर करायचं, गार ठेवायचं. मी भाजलेला मात्सुकासा-उओ खाल्ला. मांस पांढरं, घट्ट, चव उत्तम. टाकीतला बघून आल्यामुळे घास अडला नाही, उलट कवच फोडताना घाई केली नाही एवढं खरं.

आता तुला सगळ्यात आवडेल असं. उन्हाळ्याच्या शेवटी कुरोशिओ हा उबदार प्रवाह दक्षिणेकडच्या प्रवाळांवर जन्मलेली पिल्लं उचलतो आणि थेट इझू, मिउरा, बोसो या टोकियोजवळच्या द्वीपकल्पांपर्यंत आणून सोडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात टोकियोपासून लोकलने दोन-अडीच तासांवरच्या बंदरात, धक्क्याच्या भिंतीला लागून, नाण्याएवढे बटरफ्लाय फिरत असतात. हिवाळ्यात तिथलं पाणी पंधरा अंशांच्या आसपास येतं आणि बहुतेक सगळे मरतात. इथे त्यांना मरण्यासाठी प्रवासाला निघालेले मासे अशा अर्थाचं नाव आहे. अलीकडे समुद्र तापतोय, तेव्हा काही जण हिवाळा काढतात असंही दिसायला लागलं आहे, आणि त्याचा आनंद मानावा की काळजी करावी हे मला ठरवता आलेलं नाही.

तर शनिवारी-रविवारी शौकीन मंडळी, निम्मी शाळकरी मुलं, दोन हातांत दोन जाळ्या घेऊन धक्क्यावर पालथी पडलेली असतात. एक जाळी स्थिर धरायची आणि दुसरीने माशाला अगदी हळू तिच्याकडे वळवायचं. दोन्ही जाळ्या हलवल्या की मासा गेला. माझ्या शेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, तिने एक काळ्या पट्टीचा ऑरिगा बटरफ्लाय पकडला, मापपट्टी लावलेल्या पारदर्शक डबीत घातला, बाजूने बघितला, वरून बघितला, वहीत लिहिलं आणि सोडून दिला. तिच्या वडिलांनी मला सांगितलं की घरच्या टाकीत जागा नाही, म्हणून यंदा नुसती नोंद. मला त्या वडिलांचा हेवा वाटला. बाकी नियम कडक आहेत. अ‍ॅबलोनी (मोठ्या समुद्री गोगलगायी), शेवंड, शिंपले यांवर स्थानिक कोळ्यांच्या संस्थांचा हक्क, त्याला हात लावायचा नाही. अ‍ॅबलोनी आणि समुद्रकाकडीच्या चोरीला २०२० पासून तीन वर्षं कैद किंवा तीन कोटी येनपर्यंत दंड आहे.

ओकिनावाला आपण तिघं पुढे जाऊच, म्हणून थोडक्यात. नाहाच्या माकिशी बाजाराची नवी इमारत २०२३ मध्ये उघडली. खाली मासे निवडायचे, वर शिजवून मिळतात. तिथे बर्फावर निळेजर्द पोपटमासे पडलेले असतात, जे मी आजवर फक्त काचेपलीकडे पाहिले होते. तुझ्या आईने एक बोटाने दाखवला आणि मी लगेच गुरुकुनकडे बोट केलं. तो मासा जिवंत असताना निळसर आणि मेल्यावर तांबडा होतो. तळून, हाडांसकट खाल्ला. दुसऱ्या दिवशी चुराउमी मत्स्यालयात गेलो. ७,५०० घनमीटरची टाकी, साठ सेंटीमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिक, पलीकडे व्हेल शार्क. सगळे तिथे खुर्च्या पकडून बसतात. मी जास्त वेळ प्रवाळाच्या टाकीपाशी होतो. वर छप्पर नाही, ऊन थेट पडतं, समुद्राचं पाणी सतत आत येतं, आणि प्रवाळ मजेत वाढतात. आपण महागडे दिवे लावून आणि बाटल्यांतली कॅल्शियमची द्रावणं थेंब थेंब टाकून याचीच नक्कल करतो.

ओकिनावाच्या समुद्रातून प्रवाळ काढायला बंदी आहे. दुकानात दिसतात ते बाहेरून आयात केलेले किंवा शेतीत वाढवलेले. आपल्याकडे तर वन्यजीव कायद्याने २००१ पासून कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. तेव्हा कुठल्याही दुकानात कोणी मागच्या खोलीत नेऊन "मॅडम, खास माल आहे" म्हणालं तर तिथून बाहेर पड. दगड हवा असेल तर सिरॅमिकचा घे. वर्षभराने त्याच्यावर इतकं काही उगवतं की कोणाला फरक कळत नाही.

तुझ्या टोमण्याचं उत्तर खरं तर फुकुशिमात कोणीतरी माझ्याआधीच देऊन ठेवलं आहे. ओनाहामा बंदरावर अ‍ॅक्वामरीन फुकुशिमा आहे. तिथे कुरोशिओ आणि ओयाशिओ या दोन प्रवाहांच्या दोन मोठ्या टाक्या, मधून काचेचा त्रिकोणी बोगदा, आणि टाकीच्या समोरच सुशीचा काउंटर. तुम्ही बसून सुशी खायची आणि समोर सार्डिनांचा थवा वळणं घेत असतो. थिल्लरपणा म्हणून त्यांनी हे केलेलं नाही. कुठला मासा समुद्रात पुरेसा आहे आणि कुठला जपून खायला हवा, हे खाणाऱ्याला तिथल्या तिथे कळावं असा हेतू आहे. मार्च २०११ च्या त्सुनामीत याच मत्स्यालयाची वीज गेली, पंप थांबले आणि सुमारे दोन लाख जीव मेले. चार महिन्यांनी, १५ जुलैला, ते पुन्हा उघडलं. ज्यांनी एवढं गमावलं ते माशांसमोर बसून मासे खायला सांगतात, तर मी त्यांचं ऐकतो. तसंही तारापोरवाला मत्स्यालयात आजीने पहिल्याच काचेला नाक लावून "हा हलवा, हा रावस, याची आमटी करावी" असं सुरू केलं होतं. आपल्या घरात हा वाद नवा नाही.

आणि हेही लक्षात घे की तज्ज्ञांच्याही हाती सगळं नसतं. आमच्या घराजवळच्या कासाई रिन्काई मत्स्यालयात २,२०० टनांच्या टाकीत ट्यूना गोल गोल पोहत असतात. २०१४ च्या शेवटी ते मरायला लागले आणि मार्च २०१५ पर्यंत दीडशेहून जास्त माशांतला एकच उरला. पाणी तपासलं, विषाणू तपासले, प्रकाश, आवाज, सगळं पाहिलं, पण एक ठाम कारण हाती लागलं नाही. मग नवे मासे आणले आणि पुन्हा सुरुवात केली. तुझा एखादा मासा गेला तर रडून घे, पाण्याची नोंद वहीत लिही, आणि लगेच दुसरा आणायला धावू नकोस.

आता कामाचं. पाणी आरओचं घे, मीठ चांगल्या कंपनीचं, क्षारता ३५ च्या जवळ ठेव. वाळू आणि दगड घालून टाकी रिकामीच चालू कर, चिमूटभर खाणं टाकत जा, आणि ते कुजून होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांब. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पाणी गार ठेवणाऱ्या चिलरशिवाय निभाव लागणार नाही. पैसे कमी पडत असतील तर दिव्यात वाचव, चिलरमध्ये नको. पहिले मासे म्हणून क्लाउनफिशची जोडी घे, पण टाकीत जन्मलेली. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने क्लाउनफिशचं प्रजनन केंद्र उभं केलं आहे, ही पिल्लं बाजारात कुठे मिळतात ते तिथे विचार. समुद्रातून न आलेला, लहानपणापासून दाणे खाणारा मासा असताना दुसरा शोधायचं कारणच नाही. त्यानंतर गोबी.

दिवाळीला येताना क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट आणि त्या मुलीकडे होती तशी मापाची डबी आणतो. खाणं आणत नाही, हिमेजीत बनणारं हिकारीचं खाणं तिथेही मिळतं, म्हणून इथून वाहून आणण्यात अर्थ नाही. पंपही मागू नकोस. इथे वीज १०० व्होल्टची, तुझ्या सॉकेटला लावलास तर धूर निघेल. त्यातही टोकियोत ५० हर्ट्‌झ आणि ओसाकात ६०, कारण १८९० च्या दशकात एकाने जनित्रं जर्मनीतून आणली आणि दुसऱ्याने अमेरिकेतून. त्यामुळे एकाच देशात तोच पंप एका शहरात हळू चालतो आणि दुसऱ्यात जोरात, आणि खोक्यावर दोन्ही आकडे छापावे लागतात. आपल्याकडे निदान एवढा घोळ नाही.

अमोनियाचे आकडे दर रविवारी पाठव. आकडा वाईट असला तरी पाठव. आईने लाडवांचं विचारलं आहे, बेसनाचे की रव्याचे, ते तिला परस्पर कळव.

तुझा,
बाबा